दिवाणखान्यातला समुद्र आणि सोड्याची पुडी

बेळगाव हे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरचे गाव. येथे पाऊस उदंड, लोणी आणि कुंदा यांची कीर्ती दूरवर गेलेली. परंतु समुद्र पाहावयाचा तर चोर्ल्याचा नाहीतर आंबोलीचा घाट उतरल्यावाचून गत्यंतर नाही. अशा या गावी आमच्या दिवाणखान्यात गेली चार वर्षे दोनशे लिटर समुद्र नांदत आहे. आमच्या थोरल्या चिरंजीवांनी तो मांडला. ते जहाजावर नोकरीस असतात. वर्षातले आठ महिने पाण्यावर काढतात, आणि जाताना हे घरचे पाणी आम्हा उभयतांच्या हवाली करून जातात.

काचेच्या त्या पेटीत विदूषक माशांची एक जोडी आहे, दहाबारा गोगलगायी आहेत, आणि दगडांवर मऊ जातीची काही पोवळी आहेत. कठीण पोवळे, म्हणजे ज्याचे खडक बनतात ते, आमच्याकडे नाही, आणि नसावे हेच योग्य. २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत त्याचे नाव आहे. ते ज्याला पाहावयाचे त्याने मालवणास जावे. तेथील समुद्र १९८७ साली अभयारण्य ठरला आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरांवर, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव सांगणारी आंग्रिया बँक आहे. तेथील प्रवाळ तेथेच शोभतो.

दगडांवर जांभळ्या रंगाचे एक कठीण शेवाळ चढते. पेटीची खरी शोभा तीच. गेल्या उन्हाळ्यात हा जांभळा रंग कडेकडेने पांढरा पडू लागला. गोगलगायींच्या शंखांचे शेंडे खरखरीत दिसू लागले, आणि एक गोगलगाय तर दोन दिवस जागची हलली नाही. रविवारी मिस्सा आटोपून आलो की पाण्याची परीक्षा करावयाची असा चिरंजीवांनी नेम घालून दिलेला आहे. दहा मिलिलिटर पाणी नळीत घ्यावे, औषधाचे थेंब मोजीत सोडावेत; निळा रंग पिवळा झाला की थांबावे. इतक्या पाण्यात प्रत्येक थेंब अर्ध्या अंशाचा. त्या रविवारी दहाव्या थेंबालाच रंग फिरला. नातू मोठ्याने म्हणाला, “आजोबा, पाचच!” खऱ्या समुद्रात हा आकडा सातच्या आसपास असतो, आणि पेटीत तो आठ राखावा असे आम्हास सांगण्यात आले होते.

हा आकडा म्हणजे पाण्याची अल्कता. पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटाची ती शिल्लक समजावी. गोगलगाय शंख वाढविते, जांभळे शेवाळ दगडावर थर चढविते, मऊ पोवळ्याच्या अंगातही चुन्याचे सूक्ष्म काटे असतात. ही सर्व मंडळी पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उचलून आपापले घर बांधतात. माशांची घाण पचविणारे जंतूही थोडी अल्कता खातात. आता मौज अशी की, अल्कता २.८ अंश खर्च होते तेव्हा कॅल्शियम लिटरमागे केवळ २० मिलिग्रॅम खर्च होते, आणि समुद्राच्या पाण्यात ते चारशेच्या वर असते. एका घरात तांदळाचे पोते आणि मिठाची पुडी असावी, तसा हा प्रकार. पुडी आधी संपते. म्हणून कॅल्शियम पुरेसे असूनही अल्कता तेवढी खाली गेलेली आढळते.

हे वर्तमान कळताच निपाणीहून आमचे मेहुणे आले. त्यांचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. “दाजी, चुनाच कमी पडलाय ना? मग त्यात एवढं काय!” असे म्हणून त्यांनी पिशवीतून चुन्याचा डबाच काढला. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. आपल्या आज्या पोरांच्या पोटदुखीवर जी चुन्याची निवळी देत, तीच निवळी जर्मनीतले हौशी लोक पेटीत थेंबथेंब सोडतात आणि तिला ‘काल्कवासर’ म्हणतात. पण थेंबथेंब, आणि शुद्ध चुन्याची. पानाच्या चुन्यात आणखी काय मिसळले आहे कोण जाणे! शिवाय निवळीचा सामू बाराच्या वर असतो. ती एकदम ओतली तर पाणी दुधासारखे पांढरे होते, आहे तेवढे बायकार्बोनेटही खडू होऊन तळाशी बसते, आणि उपाय करता करता अल्कता आणखी उतरते. मेहुण्यांचा डबा आम्ही मोठ्या आदराने फडताळात ठेवून दिला.

आमचा उपाय स्वयंपाकघरात निघाला. खाण्याचा सोडा, म्हणजे शुद्ध सोडियम बायकार्बोनेट, शंभर लिटरांस तीन ग्रॅम घातला तर अल्कता एक अंश चढते. आमच्या पेटीस सहा ग्रॅम. बेकिंग पावडर मात्र चालत नाही. तीत आम्लाचे चूर्ण आणि पीठ असते. सौभाग्यवतींचे म्हणणे पडले की तीन अंशांस अठरा ग्रॅम, ते आजच घालावेत; “अहो, तो जीव तडफडतोय आणि तुम्ही गुंजा मोजत बसणार?” त्यांची तळमळ आम्हास पटत होती. परंतु ज्या जिवास उणीव हळूहळू सोसावी लागली, त्यास भरपाईही हळूहळूच मानवते. एका दिवसात एका अंशापेक्षा अधिक चढवू नये असा जाणत्यांचा दंडक आहे. आम्ही अर्धाच धरला. रोज तीन ग्रॅम, सोनाराच्या लहान काट्यावर तोलून, तांब्याभर शुद्ध पाण्यात विरघळवून, जेथे पंपाचा झोत असतो तेथे बारीक धारेने. सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत घरात कोणी कोणाशी फारसे बोलले नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सातव्या दिवशी सोळा थेंब लागले. त्यानंतर तीन दिवस मुद्दाम काहीच घातले नाही आणि पुन्हा परीक्षा केली, चौदा थेंब. तीन दिवसांत एक अंश, म्हणजे रोजचा खर्च दोन ग्रॅम सोड्याचा. तेव्हापासून रोज सकाळी दोन ग्रॅमची पुडी ठरलेली आहे. आकडा आठ असो की साडेसात, तो रोज तोच राहावा, यास आम्ही अधिक महत्त्व देतो.

पावसाळ्यात एक निराळा चकवा येतो. बेळगावचा पाऊस लागला की खिडक्या आठ आठ दिवस मिटलेल्या. घरातल्या माणसांच्या श्वासाने हवा कोंदते, तो वायू पाण्यात उतरतो आणि सामू खाली जातो. अल्कता मात्र जागच्या जागी असते. अशा वेळी सोडा वाढविणे व्यर्थ. पावसाची उघडीप होताच खिडकी उघडावी, एवढेच.

ती हलेनाशी झालेली गोगलगाय पाचव्या दिवशी काचेवर चढली. जांभळा रंग परतण्यास दोन महिने लागले. चिरंजीव परवा दूरध्वनीवर विचारीत होते की डब्यात सोडा किती उरला आहे. फडताळातल्या चुन्याविषयी त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही.