बॉम्बे ग्रीन आणि आमचं पटांगण

परवा नातवाला घेऊन फोर्टात गेले होते. एशियाटिकच्या पायऱ्या आता एका दमात चढवत नाहीत, म्हणून मधेच बसकण मारली. समोर हॉर्निमन सर्कल. नातू म्हणाला, "आजी, काय मस्त बाग आहे गं!"

म्हटलं, अरे, हा उरलेला तुकडा. किल्ल्याच्या आत इथे मोठं मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. कापसाच्या गाठींचे ढीग लागायचे. तो बाजार १८४४ साली कुलाब्याला गेला. १८५०च्या दशकात या टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली शेअरदलाल जमायचे. पण मैदानाची रया गेली, कचरा आणि करवंट्या साचू लागल्या. मग पोलीस कमिशनर फोर्जेट यांनी सुचवलं, की भोवती गोलाकार इमारती आणि मधे बाग करावी. प्लॉट पाडून विकले गेले आणि १८७२पर्यंत एल्फिन्स्टन सर्कल उभं राहिलं. हॉर्निमन हे नाव स्वातंत्र्यानंतरचं.

सांगता सांगता मीच गप्प झाले. पर्समध्ये आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा कागद होता. मागचं पटांगण जाऊन तिथे नवी इमारत, आणि मधे छोटीशी बाग. सेक्रेटरी माझाच विद्यार्थी. "बाई, तुमचीच सही राहिलीय," असं तीनदा सांगून गेला होता.

खोटं कशाला बोलू, लिफ्ट मलाही हवी आहे. तीन जिने आता झेपत नाहीत. पण त्याच पटांगणात आमच्या मुलीचा मांडव पडला, भोंडले झाले, आणि ह्यांना शेवटचं तिथूनच नेलं. तरी गेली कित्येक वर्षं तिथे खेळतं कोण? स्कूटरी आणि जुनी कपाटं. बॉम्बे ग्रीनवर करवंट्या साचल्या, आमच्याकडे कपाटं. जागा विकायला निघण्याआधीच आम्ही ती सोडून दिली होती.

काल सही केली. वर दोन ओळी लिहिल्या: मधली जागा मुलांना खेळायला खुली राहावी. 'गवतावर चालू नये' अशी पाटी लावू नये.

सेक्रेटरी वाचून हसला. "बाई, तुमचं लाल पेन अजून चालतं!"

चालतं खरं. पण मीटिंगमध्ये त्या दोन ओळी वाचल्या जातात का, ते बघायला मी रविवारी खाली उतरणार आहे. तीन जिने असले तरी.