कीबोर्ड खरंच बिघडलाय का?

शिक्षक मित्रांनो, कीबोर्ड चालेना की आपण लगेच 'नवीन मागवा' म्हणतो. आमच्याकडे संगणक एकच. तो अडला की चौथीचा तास बुडाला. म्हणून आधी एखादं अक्षर दोन सेकंद दाबून धरा. उमटलं? मग कीबोर्ड ठणठणीत आहे. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट 8 सेकंद दाबून धरली आणि आलेल्या चौकटीत 'यस' केलं, की फिल्टर कीज चालू होतं. मग पटकन दाबलेली अक्षरं उमटतच नाहीत. (पोरं शिफ्टवर बोट ठेवून विचार करत बसतात ना, तेव्हाच हे होतं!) परत तेवढाच वेळ शिफ्ट धरा, बंद होईल.

काहीच उमटलं नाही, तर वायर दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावून बघा. जुना गोल पिनेचा असेल तर संगणक बंद करूनच पिन लावा. तोवर माऊसने ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून मुलांना आपापलं नाव तरी टाइप करू द्या.