मागून घेतलेली बदली

आपल्या शिक्षणसंस्थांत ‘बदली’ हा शब्द बहुधा शिक्षेच्या अर्थाने उच्चारला जातो. त्यामुळे पेठेतील महाविद्यालयातून संस्थेच्याच हडपसरकडील महाविद्यालयात जाण्यासाठी आम्ही दोघींनी आपणहून अर्ज केला, तेव्हा स्टाफरूममधला पहिला प्रश्न होता, “कोणाशी बिनसलं?” बिनसले होते ते आमचे आमच्याशीच. अठरा वर्षांत टिपणे पिवळी पडली होती. वर्गाने कुठे हसायचे, त्या जागाही ठरून गेल्या होत्या. अभ्यासक्रम बदलला की पुस्तक बदले, आमचे बोलणे मात्र तेच राही.

पुण्यात शिक्षकाच्या निष्ठेची कल्पना आजीव सदस्यत्वाशी जोडली गेली आहे. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य किमान २० वर्षे अल्प वेतनावर शिकविण्याचे बंधन स्वीकारीत. या परंपरेत जागा बदलणे म्हणजे निष्ठा बदलणे असे वाटू लागते. पण त्याच परंपरेतले धोंडो केशव कर्वे मुंबईतील अध्यापन सोडून १८९१ साली, वयाच्या ३३व्या वर्षी, गोखल्यांच्या बोलावण्यावरून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवावयास आले आणि १९१४ पर्यंत तेथे राहिले. त्यांचे स्त्रीशिक्षणाचे कार्य या मुक्कामातच उभे राहिले.

अर्थात स्थलांतराने नवे काही हाती लागतेच असे नाही. नेमाड्यांचा चांगदेव पाटील इंग्रजी शिकवीत एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जातो. गाव बदलते, गटबाजी आणि क्षुद्रता तीच भेटते. उलट जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या एकाच महाविद्यालयात दीर्घकाळ शिकवीत राहिले आणि त्यांची कथा तिथेच बहरली. तेव्हा आम्ही नूतनीकरणासाठी निघालो होतो की केवळ पळ काढीत होतो, याचे उत्तर अर्ज देताना आमच्यापाशी नव्हते. एकाच संस्थेत असल्याने सेवापुस्तकात खंड पडणार नव्हता, हा व्यवहारही आम्ही पाहिला होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. निरोपाच्या दिवशी एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, आम्ही आवडत नव्हतो का?” आम्ही काहीतरी गोड बोललो.

नव्या वर्गात लातूर, धाराशिव, सोलापूर या भागांतून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांतील मुले बरीच होती. पहिल्याच महिन्यात एक ग्रामीण कथा शिकविताना ‘चाड्यावर मूठ धरणे’ हा शब्दप्रयोग आला. अठरा वर्षांच्या सवयीने आम्ही सांगितले, “म्हणजे पेरणीस आरंभ करणे.” मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “आरंभ नुसता नाही, मॅडम. माझी आई धरते मूठ.” मग ती फळ्यापाशी आली. तिने तिफण काढली, तिचे नळे काढले, वर लाकडी चाडे काढले. मूठ सैल सुटली तर बी दाट पडते, आवळली तर तासात खाडे राहतात. औत चालत असताना मूठ सतत सांभाळावी लागते, हे तिने हाताने करून दाखविले. आम्ही दोघी त्या दिवशी एकत्र तास घेत होतो. एकमेकींकडे पाहिले. तो शब्दप्रयोग आम्ही शेकडो मुलांना एका ओळीत उरकून दिला होता.

त्यानंतर आम्ही अर्थ सांगण्याआधी वर्गाला विचारू लागलो. काही शब्द कोणालाच ठाऊक नसतात, काहींचे तीन गावांचे तीन अर्थ निघतात. तास आटोपत नाही, अभ्यासक्रम मागे पडतो, परीक्षेच्या तोंडावर धावपळ होते. सोलापूर रस्त्यावरच्या वाहतुकीत रोज दीड तास जातो, आणि आमच्यापैकी एकीचे विभागप्रमुखपद गेले ते गेलेच. तरीही तासाला जाताना आता पाय जड होत नाहीत.

एक गोष्ट मात्र बोचते. पेठेतल्या त्या वर्गातही वसतिगृहात राहणारी, खेड्यांतून आलेली मुले दरवर्षी असत. त्यांच्यापैकी कोणाच्या आईने चाड्यावर मूठ धरली नसेल? तिथे आम्ही सगळे जाणणाऱ्या होतो, म्हणून विचारले नाही. इथे नवख्या होतो, म्हणून ऐकून घेतले. बदलीने आम्हांला दिले ते एवढे नवखेपण. ते जुन्या जागी राहूनही पत्करता आले असते. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे खरे उत्तर बहुधा हेच होते: आवडत होता, पण तुम्हांला आम्ही काही विचारलेच नाही.