परतीची नळी

कार्बोरेटरवर चालणाऱ्या जुन्या मोटारींच्या दुरुस्तीत ज्याची हयात गेली आहे अशा कोणत्याही मिस्त्रीला विचारले, तर टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल आणणाऱ्या नळीचा मार्ग तो डोळे मिटून सांगेल. परंतु त्याच मार्गाने उलट दिशेला धावणारी, इंजिनापाशी येऊनही खर्ची न पडलेले पेट्रोल पुन्हा टाकीत नेऊन सोडणारी जी दुसरी, किंचित बारीक नळी असते, तिची कैफियत तितक्याच आस्थेने सांगणारे कारागीर मला फार थोडे भेटले. पुरवठ्याची नळी तुटली तर गाडी तत्काळ बंद पडते, आणि म्हणून तिची निगा राखली जाते. परतीची नळी तोडून तिचे तोंड बंद केले, तरी गाडी चालू होते, चालते, मालक पैसे चुकते करून घरी जातो, आणि मग तो भाग मुळातच निरुपयोगी होता असा निवाडा होऊन जातो. हा निवाडा चुकीचा आहे, आणि तो किती चुकीचा आहे हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

दाखल्यादाखल मारुती ८०० घेऊ. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी पहिल्या ग्राहकाच्या हाती पडली, आणि २००० च्या आगेमागे तिच्यात फ्युएल इंजेक्शन येईपर्यंत तिच्या ७९६ घनसेंटिमीटरच्या, तीन सिलिंडरांच्या इंजिनावर कार्बोरेटरच असे. टाकी मागे, इंजिन पुढे, आणि या दोहोंमध्ये गाडीच्या तळाखालून जाणाऱ्या लोखंडी नळ्या. पेट्रोल ओढून आणणारा पंप, ज्याला आमच्या धंद्यात सर्रास एसी पंप म्हणतात, तो इंजिनाच्याच तापलेल्या अंगावर बसविलेला असून त्याला कॅमशाफ्टच्या उंचवट्याकडून हालचाल मिळते. त्याच्या तीन तोंडांपैकी एकातून पेट्रोल आत येते, दुसऱ्यातून कार्बोरेटरकडे जाते, आणि तिसऱ्यातून, आतल्या एका अत्यंत बारीक छिद्राच्या बंदोबस्तात, उरलेले परत फिरते. या छिद्राचे महत्त्व सामान्य नव्हे. ते नसते, तर सगळा प्रवाह सोपी वाट धरून टाकीकडेच पळाला असता आणि चढणीवर, पेट्रोलची निकड असते नेमक्या त्या वेळी, कार्बोरेटर उपाशी राहिला असता.

आता पंपाच्या कामाचा थोडा तपशील पाहिल्यावाचून पुढचे उमगणार नाही. पंपाचा लिव्हर आतल्या पडद्याला (डायाफ्रामला) खाली ओढतो, तेव्हा पेट्रोल आत येते. पडद्याखालची स्प्रिंग त्याला वर ढकलते, तेव्हा ते पुढे जाते. कार्बोरेटरची वाटी भरली, की फ्लोट वर येतो, निडल आपले आसन धरते, आणि पुढची वाट मिटते. गाडी आयडलिंगवर उभी असताना इंजिनाची गरज ताशी लिटरभराच्याही आत असते व पंपाचे सामर्थ्य तिच्या कितीतरी पट; तेव्हा या अवस्थेत पंपाच्या पोटातले पेट्रोल जवळजवळ जागच्या जागी थांबून राहते, आणि थांबलेले पेट्रोल तापते. पाण्याला उकळण्यासाठी १०० अंशांची एकच निश्चित पायरी आहे, तसे पेट्रोलचे नाही. ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असल्यामुळे त्यातील हलके घटक सुमारे ३५ ते ४० अंशांपासूनच वाफ होऊ लागतात, आणि जड घटक २०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकून राहतात. वैशाखातल्या दुपारी बॉनेटखाली ही पहिली मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. त्यातून पंप ज्या बाजूने ओढतो, त्या बाजूला दाब कमी होतो, व दाब कमी झाला की वाफ आणखी लवकर धरते. महाबळेश्वरासारख्या सुमारे १३५० मीटर उंचीच्या ठिकाणी तर हवेचा दाबच समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ सातव्या हिश्श्याने कमी. पंपात वाफ साठली, की पडदा वरखाली होत राहतो, वाफ दाबली जाते आणि पुन्हा फुगते, पण पेट्रोल म्हणून पुढे काही जात नाही. मिस्त्रीमंडळी याला ‘वेपर लॉक’ म्हणतात.

ज्यांनी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसडर घेऊन बोरघाट चढला आहे, त्यांना खंडाळ्याच्या वळणावर पंपावर ओले फडके टाकून उभी असलेली गाडी आठवत असेल. तो उपाय अडाणीपणाचा नव्हता. फडक्यातले पाणी वाफ होताना पंपाची उष्णता घेऊन जाई आणि गाडी खरोखरच चालू होई. पण तो आजार झाल्यानंतरचा उपचार होता. परतीची नळी हा आजार होऊच नये म्हणून केलेली तजवीज आहे. धरणाला सांडवा असतो, तशी ही वाट अखंड उघडी राहते; निडल मिटलेली असली तरी पंपातून पेट्रोल वाहते राहते, टाकीतले थंड पेट्रोल सतत नवे येते, वाफेचे बुडबुडे तयार झालेच तर पेट्रोलाबरोबर टाकीकडे वाहून जातात. शिवाय गाडी बंद केल्यावर हिचे दुसरे काम सुरू होते, आणि माझ्या मते तेच अधिक मोलाचे. इंजिन बंद होताच पंखा व पाणी यांचा निवारा संपतो आणि काही मिनिटे बॉनेटखालचा ताप उलट वाढतो. नळीत कोंडलेले पेट्रोल या तापाने प्रसरण पावते. त्याला मागे जायला वाट नसेल, तर ते निडलवर दाब आणते, निडलला तिच्या आसनावरून उचलते, आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. चहासाठी थांबलेली गाडी नंतर पेट्रोलचा वास देत सेल्फवर घरघरत राहते, तिच्या दुखण्याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

मग इतकी उपयोगी नळी बंद का केली जाते? लोखंडी नळी तळाशी गंजून गळू लागली व बदलण्याचा खर्च टाळायचा होता. किंवा तीन तोंडांचा पंप वेळेवर न मिळाल्याने दुसऱ्याच गाडीचा दोन तोंडांचा पंप जुळवून बसवला. ही कारणे निदान अडचणीतून आलेली असतात. तिसरे कारण मात्र समजुतीचे आहे, आणि ते मी अनेक सुशिक्षित मालकांच्याही तोंडून ऐकले आहे: पेट्रोल परत गेल्याने गाडीचे अॅव्हरेज कमी होते. या समजुतीला कसलाही आधार नाही. जे परत जाते ते ज्या टाकीतून आले त्याच टाकीत रुजू होते. जमाखर्चात त्याची एक दमडीही कमी होत नाही. उलट कोंडलेल्या दाबाने निडल गळू लागली, तर जे पेट्रोल नाहक जळते व धुरातून काळे होऊन बाहेर पडते, तो खर्च खरा.

काही काळापूर्वी साताऱ्याकडच्या एका वयोवृद्ध डॉक्टरांची १९९४ सालची मारुती माझ्याकडे आली. तक्रार अशी, की खंबाटकीचा घाट चढून माथ्यावर पाच मिनिटे थांबले की गाडी अर्धा तास चालू होत नाही, आणि मग आपोआप, काहीच न झाल्यासारखी चालू होते. कॉइल, प्लग, कार्बोरेटरचे किट, सगळे पूर्वीच्या गॅरेजात बदलून झाले होते. बॉनेट उघडून पंपापाशी दिवा धरला, तेव्हा तिसऱ्या तोंडावर बोटभर लांबीचा रबरी पाइप आणि त्या पाइपात घट्ट बसवलेला एक सहा मिलिमीटरचा बोल्ट दिसला. बोल्टवर क्लिपही व्यवस्थित आवळलेली होती. ज्याने हे केले त्याने ते मन लावून केले होते. त्याला इतकेच कोणी सांगितले नव्हते, की ही वाट का ठेवली आहे.

अशा वेळी बोल्ट काढून लगेच समोरची मोकळी नळी जोडून टाकण्याचा मोह अनावर होतो. तो आवरावा. तळाखालून वर येणाऱ्या नळ्या दोन असतात, आणि पुढच्या काळातल्या, कोळशाचा डबा बसविलेल्या गाड्यांत तीन. तिसरी टाकीतली वाफ त्या डब्याकडे नेण्यासाठी. पंपाचे परतीचे तोंड चुकून तिला जोडले, तर पेट्रोल कोळशात मुरून डबा कायमचा निकामी होतो. पुरवठा आणि परत यांची अदलाबदल झाली, तर घोटाळा आणखी फसवा; कारण पुष्कळ टाक्यांत परतीच्या नळीचे टोक वरच्या बाजूला संपते, आणि अशी गाडी टाकी भरलेली असेतो उत्तम चालून टाकी निम्मी झाल्यावर रस्त्यात दगा देते. म्हणून केवळ नळीच्या जाडीवर विसंबू नये, खातरजमा करावी. माझा शिरस्ता असा, की टाकी निम्म्याच्या आसपास असताना तिचे झाकण उघडावे, एकाला टाकीच्या तोंडाशी कान देऊन उभे करावे, आणि पुढून एकेका नळीत सायकलच्या पंपाने हळूहळू हवा सोडावी. पुरवठ्याच्या नळीतून खोल, जड बुडबुड उमटते. परतीच्या नळीतून बहुधा नुसता हवेचा सुस्कारा. कॉम्प्रेसरची हवा येथे चुकूनही वापरू नये. आणि या सर्वांच्या आधी इंजिन पूर्ण थंड असावे, बॅटरीची ऋण तार सुटलेली असावी, जवळपास विडी-काडी नसावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खड्ड्यात उतरून बसते, तेव्हा गॅरेजच्या खड्ड्यात उभे राहून हे काम करूच नये.

डॉक्टरांच्या गाडीतील परतीची लोखंडी नळी सुदैवाने धड होती. तिच्या तोंडात मात्र मातीचा बूच बसला होता, तो तारेने कोरून काढला. रबरी पाइप घेताना तो पेट्रोलसाठीच बनविलेला, नायट्राइल रबराचा व आत सुताची वीण असलेला घ्यावा. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी किंवा पाण्याचा पाइप काही महिन्यांत कडक होऊन चिरतो. पाइप पात्याने सरळ, काटकोनात कापावा, तोंडावरच्या फुगीर कड्याच्या पुरता पलीकडे चढवावा, आणि क्लिप त्या कड्याच्या मागे बसवावी. कड्यावरच बसवली तर ती घसरते. लांबी थोडी सैल ठेवावी, कारण इंजिन रबराच्या माउंटिंगवर डोलते आणि ताणलेला पाइप त्या डोलण्याने तोंडापाशीच तुटतो. पण इतकीही सैल नको, की तो एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डकडे झुकेल.

जोडणी पुरी करण्यापूर्वी एक परीक्षा मी कधीच टाळत नाही. परतीच्या तोंडाला तात्पुरता लांब पाइप लावून त्याचे टोक, गाडीपासून दूर, काचेच्या मोठ्या बाटलीत सोडतो व इंजिन आयडलिंगवर चालू करवतो. प्रथम पाइपातून फेसाळ थुंक्यासारखे काही येते, मधे मधे नुसती हवा. मग बुडबुडे विरळ होतात. आणि मग पेन्सिलीच्या शिसासारखी बारीक, अखंड धार बाटलीच्या काचेवरून उतरू लागते. ही धार आली म्हणजे छिद्र मोकळे आहे. ती न येता थेंब थेंब पडत असेल, तर पंप उघडावा लागतो. आणि ती भसाभस येत असेल, तर कोणीतरी ते छिद्र ड्रिलने मोठे केले आहे असे समजून पंपच बदलावा. डॉक्टरांच्या गाडीत धार आली. मग परतीची नळी जोडून, इंजिन तापवून, बंद करून, वीस मिनिटे बॉनेट मिटून ठेवले. पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली. त्यानंतरचा उन्हाळाही तिने घाटात न थांबता काढला आहे.

या नळीची निकड आज पूर्वीपेक्षा वाढली आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपल्या पंपांवर टप्प्याटप्प्याने येऊ लागले. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळते, पण पेट्रोलमध्ये मिसळल्यावर ते मिश्रणाची बाष्पशीलता वाढवते. शिवाय या जुन्या गाड्यांच्या काळातले रबर त्याच्यासाठी बनलेले नसल्यामुळे फुगते, मऊ पडते, आतून सुटून त्याचे बारीक कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. जुन्या गाडीचे रबरी पाइप वरून चांगले दिसतात एवढ्यावर आता भागणार नाही.

ज्यांच्या दारात अशी गाडी अजून उभी आहे, त्यांना माझी विनंती इतकीच: या उन्हाळ्याआधी बॉनेट उघडा, एसी पंपाच्या तिसऱ्या तोंडाकडे पाहा, आणि तेथे पाइपाऐवजी बोल्ट दिसला, तर दुसरे कोणतेही किट घालण्यापूर्वी तो बोल्ट काढून नळी पूर्ववत जोडून घ्या; पंपाच्या दोन्ही बाजूंचे रबरी पाइपही त्याच दिवशी बदला.