नवे टिपण

गेल्या दिवाळीच्या आधी माळा झाडताना मला बुटांचे एक खोके सापडले. घरातली जळमटे काढण्याचे काम २०१९ पासून, म्हणजे सौभाग्यवती गेल्यापासून, माझ्याकडे आले आहे. खोक्यात माझ्या मुलाचा शाळकरी संसार होता : थोड्या गोट्या, मोडका कंपास, दहावीचे हॉलतिकीट आणि चष्म्याच्या घरासारखा मिटणारा एक निंटेन्डो डीएस. हा त्याच्या मामाने मुंबईहून आणून दिला होता. उघडला की वर एक पडदा, खाली एक पडदा. खालच्या पडद्यावर काडीएवढ्या लेखणीने लिहिता येते. शेजारीच त्याचा चार्जर होता. सहज म्हणून तो भिंतीत खोचला, आणि पंधरा वर्षे माळ्यावर निजलेले ते यंत्र दिवा लावून उठून बसले.

असल्या खेळांविषयी माझे मत बरे नव्हते हे मी आधीच कबूल करतो. मी भूमापन खात्यात भूकरमापक होतो. कवठे महांकाळ तालुक्यातली उन्हे काय असतात ते ज्याला ठाऊक आहे, त्याला दिवसभर बांधावर उभे राहून संध्याकाळी घरी आलेल्या माणसाची मनःस्थिती सांगायला नको. तेव्हा सोप्यात पाय पसरून चिरंजीव हे यंत्र घेऊन बसलेले दिसत, आणि मी एकच वाक्य बोलत असे, "डोळे जातील." याहून अधिक त्या यंत्राविषयी आमच्यात कधी बोलणे झाले नाही.

आत जी चकती होती तिच्यावरचा खेळ 'एट्रियन ओडिसी'. अ‍ॅटलस नावाच्या जपानी कंपनीने तो २००७ साली काढला. जपानी नावाचा अर्थ 'विश्ववृक्षाचा चक्रव्यूह' असा काहीसा होतो. एट्रिया नावाचे एक गाव आहे, गावाच्या पोटात एक अफाट रान आहे, आणि ते मजल्यामजल्यांनी खाली खाली जाते. पाच माणसे जमवायची आणि आत शिरायचे. असल्या कथा आपल्याकडच्या मुलांनीही पुष्कळ ऐकल्या आहेत. पण रानाच्या तोंडाशी शिपाई उभा असतो, आणि तो पहिली कामगिरी सांगतो ती राक्षस मारण्याची नव्हे. पहिल्या मजल्याचा नकाशा काढून आणा, असे तो म्हणतो.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले.

वरच्या पडद्यावर रान दिसते, खालच्या पडद्यावर चौकटींचा कोरा कागद असतो. एक पाऊल म्हणजे एक चौकट. भिंत दिसली की लेखणीने रेघ ओढायची, दार दिसले की दाराची खूण ठेवायची. आमची जुनी साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. त्या चौकटी पाहताच माझ्या हातांना साखळीचे ते गार लोखंड आठवले. नंतर कळले की ही कल्पना नवी नव्हे. १९८१ साली अमेरिकेत 'विझर्ड्री' नावाचा संगणकाचा खेळ निघाला, तो जपानात फार चालला, आणि तो खेळणारे लोक शेजारी आलेख-कागद घेऊन भुयारांचे नकाशे काढीत. पुढे यंत्रेच नकाशे काढून देऊ लागली. या खेळाच्या कर्त्यांनी ती पेन्सिल पुन्हा माणसाच्या हातात दिली. संगीतकार युझो कोशिरो यांनीही जुन्या संगणकाच्या आवाजावर चाली बांधल्या. जुन्याचा एवढा लोभ असणारी माणसे जपानात आहेत हे वाचून मला शेजारधर्म वाटला.

आता खेळाच्या कठीणपणाविषयी. तो कठीण आहे असे सगळेच म्हणतात, आणि ते खरे आहे. पहिल्याच मजल्यावर फुलांचा एक ताटवा लागतो. विसावा घ्यावा का, असे यंत्र विचारते. थकलेला माणूस हो म्हणतो, आणि विषारी फुलपाखरे पाचही जणांना लोळवतात. दुसऱ्या मजल्यावर हरणासारखे एक जनावर नकाशावर गोळा होऊन फिरते. आपण एक पाऊल टाकले की तेही एक पाऊल टाकते. त्याच्याशी लढू नये, त्याची वाट पाठ करावी आणि बाजूने निसटावे. रानातून गावात परत आणणारा एक दोरा दुकानात मिळतो. ग्रीकांच्या गोष्टीत आरिआड्नीने भुलभुलैयात शिरणाऱ्या वीराला सूत दिले होते, त्याचेच नाव याला आहे. तो घ्यायला विसरलात तर अंधारात चालत या, वाटेत मरा. खानावळवाली तर आपली पातळी वाढली की भाडेही वाढवते. तिला मी सांगलीत कुठेतरी पाहिले आहे असे मला राहून राहून वाटते.

पण हा कठीणपणा खाष्ट नाही, असे माझे मत आहे. तो फसवत नाही. मेल्यावर मी मागे जाऊन पाहिले की प्रत्येक वेळी चूक माझीच निघे : पाहायला नको होते तिथे पाहिले, मोजायला हवे होते तिथे अंदाज केला. आणि एक गोष्ट तर मला फारच आवडली. पाचही जण मेले, खेळ संपला, तरी यंत्र विचारते, काढलेला नकाशा तरी ठेवू का? माणसे जातात, टिपण राहते. आमच्या खात्याचे सगळे काम याच बोलीवर चालते.

२०२३ साली या खेळाची नवी आवृत्ती निघाली आणि तीत 'पिकनिक' नावाची सोपी पातळी ठेवली आहे म्हणतात. ठेवोत बापडे. दंडोबाच्या डोंगरावर सहलीला जाणे वेगळे आणि त्याच डोंगराखालच्या शिवाराची मोजणी करणे वेगळे.

तर पहिल्या दिवशी तीन तास मी नकाशा काढला आणि खानावळीत नोंद करायला गेलो. तिथे यंत्राने अडवले. चकतीवर नोंद एकच राहते. जुनी आहे, ती पुसू का?

जुनी म्हणजे मुलाची. मी पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "पुसा की अण्णा, त्यात काय आहे?" त्याच्या दृष्टीने काहीच नव्हते. पण आमच्याकडे सातबाऱ्यावरचे नावसुद्धा पुसत नाहीत, कंस करतात. मी माझे तीन तास सोडून दिले आणि त्याची नोंद उघडली.

अकराव्या मजल्यापर्यंत तो गेला होता. अकरा मजल्यांचे नकाशे, चौदा वर्षांच्या हाताने ओढलेल्या रेघा. या खेळात पात्रांना नावे आपणच द्यायची असतात. त्याच्या पाच जणांत तो स्वतः तलवार घेऊन होता. ढाल मोत्याकडे, म्हणजे आमच्या कुत्र्याकडे. ताईकडे चाबूक. आज्जीला त्याने आग फेकणारी किमयागार केले होते, आणि ज्यांनी माझ्या आईचे बोलणे ऐकले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पाचवी आई, ती वैद्य. सर्वांत वरची पातळी तिची.

यादीत मी नव्हतो.

खरे सांगतो, मला लागले. मेलेल्या कुत्र्याला जागा आहे आणि मला नाही! मग गावातल्या संघाच्या वहीत, जिथे घरी ठेवलेल्या माणसांची नावे असतात, तिथे शोधले, तेव्हा सापडलो. अण्णा, पातळी सहा, धंदा रानवाट्याचा. हा मनुष्य रानात जाऊन लाकूड, दगड, पाला गोळा करून आणतो. ते दुकानात विकतात, आणि त्या पैशांत बाकीच्यांच्या तलवारी व औषधे येतात. रात्री पुन्हा फोन केला.

"अण्णा, सगळा खर्च तुमच्यावर तर चालायचा," तो म्हणाला.

"मग आत का नाही नेलंस?"

तो थोडा थांबला. "पाचच मावतात, अण्णा."

मी विषय पालटून पाऊसपाण्याचे बोललो.

दुसऱ्या दिवशी मी तोड काढली. जुनी नोंद न पुसता वहीत नवी माणसे लिहिता येतात. अण्णांबरोबर मी चार जण घेतले, मोजणीला निघताना भोवती असत तसे. कोतवाल ढाल घेऊन पुढे. तलाठ्याला किमयागार केले. कागदावर काहीही करून दाखवणे त्याला अवघड नव्हते. औषधाला नर्सबाई, आणि हुरूप द्यायला शाहीर, कारण गाण्याने लढणारा मनुष्यही या खेळात आहे. खालच्या पडद्यावर मुलाचे नकाशे दिसत होते, ते मी पंचांगाचे पान ठेवून झाकले, आणि आलेख-कागदावर पेन्सिलीने स्वतःचे नवे टिपण सुरू केले.

आयते नकाशे असताना हा उपद्व्याप का, असे कुणी विचारील. त्याला कारण आहे. १९९३ च्या उन्हाळ्यात अग्रणीच्या काठी मी एका पोटहिश्श्याची मोजणी केली होती. नदीचे पात्र कोरडे ठणठणीत, डोक्यावर सूर्य, आणि एका कोपऱ्यात बाभळीची दाट जाळी. त्या कोपऱ्यापर्यंत मी गेलो नाही. जुन्या फाळणी नकाशावरून ती रेघ लिंबाखाली बसून ओढली. रेघ चुकली. तीन गुंठ्यांचा फरक, दोघे सख्खे भाऊ. पुढे निमताना मोजणी झाली, वरिष्ठांनी हद्द दुरुस्त केली, दगड सरकवले. पण तोवर भावांचे बोलणे तुटले होते. ते जोडायची तरतूद कुठल्याच कायद्यात नाही. थोरला वारला तेव्हा धाकटा बांधाच्या अलीकडे उभा राहून पाहत होता, असे मला कोतवालाने सांगितले. आता त्या शिवारात म्हैसाळ योजनेचे पाणी आले आहे, द्राक्षबागा आहेत. मी बसने तिकडून जातो तेव्हा दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसतो.

म्हणून चालायचे ठरवले. मजल्याला महिना लागला. अण्णा कितीदा मेले याची मोजदाद ठेवली नाही. तलाठी त्याहून अधिक वेळा. पाच मजले झाल्यावर पंचांगाचे पान काढले आणि माझा कागद मुलाच्या नकाशाशी ताडून पाहिला. सगळे जुळले, फक्त तिसऱ्या मजल्यावर एका ठिकाणी माझ्याकडे भिंत होती आणि त्याच्याकडे वाट. पोर चुकले, असे मनात म्हणत जागेवर गेलो. झुडपात फट होती. मी त्या भिंतीला हात लावून पाहिला नव्हता.

पाचव्या मजल्याच्या शेवटी फेनरिर नावाचा लांडगा आहे. मुलाने तो कधीच मारला होता, पण या रानात मेलेले मोठे जनावर काही दिवसांनी पुन्हा उभे राहते. दसऱ्यापर्यंत त्याने आम्हांला एकवीस वेळा फाडले. हे मात्र मी मोजले. प्रत्येक वेळी नर्सबाई आधी पडत आणि मग सगळेच. अधिक हिंडून त्यांची पातळी वाढवणे हा उपाय सरळ होता, आणि पिकनिकविषयी वर एवढे बोलल्यावर तोच मला शोभला असता.

कोजागरीला मी संघाची वही उघडली. नर्सबाईंना घरी बसवले आणि त्यांच्या जागी आईचे नाव लिहिले. अण्णा पातळी सोळा, आई पातळी तीस. पाचजण रानात शिरले. तिसऱ्या फेरीला कोतवाल पडला, तिने उठवला. शाहीर पडला, त्यालाही उठवले. अण्णांच्या अंगात शेवटी अकराच काय ते गुण उरले होते, तेव्हा लांडगा कोसळला.

खानावळीत जाऊन नोंद केली. मुलाला फोनवर काही सांगितलेले नाही. दिवाळीला येईल तेव्हा यंत्र त्याच्या हातात देईन. यादी तो वाचेलच.