पदवी की पदविका? मॅनेजमेंटच्या दारात उभ्या आपल्या पोरांसाठी



मागच्या महिन्यात माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, पुण्यातून एका कौन्सेलर मॅडमचा फोन होता. त्या म्हणतात एमबीएपेक्षा पीजीडीएम भारी असतं. शंभर टक्के प्लेसमेंट. शनिवारपर्यंत पंचवीस हजार भरले तर सीट पक्की. भरू का?"

मी दोन मिनिटं काहीच बोललो नाही. कारण हेच वाक्य, असंच, २००९ साली मला ऐकवलं गेलं होतं. फक्त तेव्हा रक्कम दहा हजार होती, आणि विचारायला मला मामा नव्हता.

तेव्हा मी परभणीहून बी.कॉम. झालो होतो. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर. घरात बी.कॉम. होणारा पहिलाच मी, त्यामुळे पुढं काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात, त्यात काचेची इमारत, टाय लावलेली पोरं. मी आणि वडील रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेलो. संस्थेच्या ऑफिसातल्या माणसानं वडिलांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि सांगितलं, "एस.सी. आहे ना? मग काळजी कशाला? फ्रीशिप येईल. तोवर पहिला हप्ता भरा." वडिलांना खुर्ची आणि चहा फार लक्षात राहिला. त्यांनी पतपेढीचं कर्ज काढलं.

सहा महिन्यांनी मी समाजकल्याणच्या खिडकीवर उभा होतो. तिथल्या बाबूनं कागद उलटून पाहिला आणि म्हणाला, "हा प्रवेश शासनाच्या प्रवेशप्रक्रियेतून नाही. संस्थेनं आपल्या पातळीवर दिलाय. यावर फ्रीशिप बसत नाही." त्याचं काही चुकलं नव्हतं. मी परत जाऊन संस्थेला विचारलं, तर चहा पाजणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. कोर्स सोडतो म्हटलं तर टीसी आणि मार्कशीट कपाटात बंद. दुसऱ्या वर्षाची फी भरा, मग कागद न्या. शेवटी दोन्ही वर्षं केली. प्लेसमेंट म्हणून जे मिळालं ते क्रेडिट कार्ड विकायचं काम होतं, पगार त्या कर्जाच्या हप्त्याएवढा. पुढं एका जागेच्या जाहिरातीत 'व्यवस्थापनातील पदवी' असं लिहिलेलं. माझ्याकडं पदविका. अर्ज छाननीतच बाहेर.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. माझ्यासारखी शेकडो पोरं आपल्या वस्त्यांत आहेत आणि दरवर्षी जून-जुलैत नवी भर पडते, म्हणून सांगतोय.

तर आधी हे एमबीए आणि पीजीडीएम प्रकरण समजून घेऊ. एमबीए किंवा मुंबई विद्यापीठाचं एमएमएस ही विद्यापीठाची पदवी. पीजीडीएम ही पदविका; ती संस्था स्वतः देते, एआयसीटीईच्या मान्यतेनं. पीजीडीएम वाईट असतं असं मुळीच नाही. आयआयएमसुद्धा अनेक दशकं पदविकाच देत होत्या. २०१७ चा आयआयएम कायदा झाल्यावर त्यांना पदवी देता येऊ लागली. पण आयआयएमची पदविका आणि गल्लीतल्या काचेच्या इमारतीची पदविका या दोन गोष्टी एक नव्हेत. कोर्सला एनबीएचं मानांकन असेल तर भारतीय विद्यापीठ संघ त्या पूर्णवेळ दोन वर्षांच्या पीजीडीएमला एमबीएशी समकक्ष मानतो. ते नसेल तर पुढं पीएच.डी. किंवा पदवी मागणाऱ्या नोकरीच्या वेळी माझ्यासारखं तोंडावर पडायची तयारी ठेवा.

पण आपल्यासाठी खरा प्रश्न याच्या आधी येतो. प्रवेश कुठून होतो? महाराष्ट्रात एमबीएचा प्रवेश सीईटी देऊन, कॅप राउंडमधून होतो. तिथं अनुसूचित जातीला १३ टक्के, जमातीला ७ टक्के जागा आहेत, आणि पदवीला खुल्या वर्गाला ५० टक्के गुण लागतात तिथं आपल्याला ४५. कॅपमधून गेलात तर शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिपचा दावा उभा राहतो. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप. पीजीडीएमवाल्या खासगी संस्था मात्र कॅट, झॅट, सीमॅट, मॅट असल्या परीक्षांचे गुण पाहून स्वतःच प्रवेश देतात. तिथं कॅप नाही, म्हणून आपली राखीव रांगही नाही.

हे आपोआप झालेलं नाही. २००५ च्या इनामदार निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की विनाअनुदानित खासगी संस्थांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही. त्यावर संसदेनं ९३ वी घटनादुरुस्ती करून कलम १५(५) आणलं. २०१४ साली प्रमती प्रकरणात न्यायालयानं ते खासगी संस्थांबाबतही वैध ठरवलं. म्हणजे संविधानानं दार उघडून दिलेलं आहे. कायदा करून त्या दारातून आपल्याला आत नेणं हे सरकारचं काम, आणि पीजीडीएमच्या बाबतीत ते काम कुणालाच करायचं नाही. उलट २०१९ च्या कायद्यानं केंद्रीय संस्थांतल्या अध्यापकांच्या पदांना आरक्षण लागू झालं, तेव्हा आम्हाला यातून सूट द्या असं म्हणत आयआयएम सरकारच्या दारी गेल्या. गुणवत्तेचे गोडवे गाणाऱ्यांना शिकवायला आपला माणूस नको असतो, हे त्या अर्जातच आलं.

आता पदवीआधीचं. बारावीनंतर बीबीए, बीएमएस. हे कोर्स २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांना सीईटी लागू झाली. मग मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी काय केलं? बीएमएसचं नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केलं. अभ्यासक्रम जवळपास तोच, पाटी वेगळी, आणि सीईटीची झंझट नाही. विद्यार्थ्याला ते सोपं वाटतं. पण पाटी बदलली की प्रवेशाचा नियम, शुल्काचा नियम, शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरची नोंद, सगळं बदलू शकतं. म्हणून फी भरायच्या आधी महाडीबीटी पोर्टलवर त्या कॉलेजचं आणि त्याच नावाच्या कोर्सचं नाव दिसतं का ते स्वतः बघा. कॉलेजचा क्लार्क सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका. मी चहावर ठेवला होता.

नव्या शैक्षणिक धोरणानं आणखी एक गंमत आणली आहे. पहिल्या वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर सोडलं तर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. याला लवचिकता म्हणतात. ज्याच्या बापाच्या खिशात पैसा आहे तो मधेच का सोडेल? सोडणार तो, ज्याची शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही, ज्याच्या आईचं काम सुटलं. काल त्याला ड्रॉपआउट म्हणायचे, आज त्याच्या हातात 'पदविका' ठेवतील. आकडेवारीतून गळती नाहीशी होईल, आणि दोन वर्षांची मॅनेजमेंट पदविका घेऊन आपला पोरगा मॉलमध्ये बिलं फाडेल. मधेच थांबावं लागलंच तर क्रेडिट जमा असतात, परत येता येतं, हे खरं. पण परत येणारे किती, हे आपल्या वस्तीत फिरून बघावं.

नोकरी करणाऱ्यांसाठी इग्नू आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. तिथलं एमबीए कमी पैशात होतं आणि ती पदवीच असते. कॅम्पसची नोकरी मिळणार नाही, पण जो आधीच कुठं चिकटलेला आहे त्याला बढतीसाठी ते पुरतं. मी माझं एमबीए शेवटी असंच केलं, वयाच्या पस्तिशीत.

आमच्या अभ्यास मंडळात हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते चिडले. म्हणाले, "मॅनेजमेंट म्हणजे भांडवलदाराचं शास्त्र. मनमाडला १९३८ साली बाबासाहेबांनी रेल्वे कामगारांना काय सांगितलं? ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू. आणि तुम्ही पोरांना मॅनेजर करताय?" त्यांचा राग मला समजतो. चार-दोन दलित उद्योगपतींचे सत्कार झाले की समाज मुक्त झाला, असं मीही मानत नाही.

पण दादा, बाबासाहेबांनी याच माणसांचं शास्त्र मुळापासून शिकून घेतलं होतं. कोलंबियात अर्थशास्त्र, लंडनला रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देणारी पेढीही काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून ती बंद पडली. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, म्हणजे वाणिज्य शिकवणाऱ्या कॉलेजात; तिथं सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून कुरकुर केली. आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मुंबईत १९५३ मध्ये सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढलं, ते काय भांडवलदारांची सेवा करायला?

शिवाय एमबीएत एचआर घेतलेल्या मुलीला कामगार कायदे, पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी हे सगळं शिकवतात. आपली किती माणसं आज महानगरपालिकांच्या ठेकेदारांकडं सफाईला आहेत? त्यांच्या पगारातून पीएफ कापला जातो, पण तो भरला जातो का, हे पाहणारं माणूस युनियनमध्ये नाही. आमच्याच जयंती मंडळाचा हिशोब एका वहीत होता आणि ती वही तीन वर्षांपूर्वी हरवली, हे मी इथं लिहिलं तर लोक नाराज होतील. होऊ द्या. सरकारी खरेदीत अनुसूचित जाती-जमातीच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के राखीव आहे, स्टँड-अप इंडियात मार्च २०२५ पर्यंत १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज होतं. प्रोजेक्ट रिपोर्ट कुणाला लिहिता येतो? तो सीएच्या ऑफिसातून दहा-पंधरा हजारांना विकत घ्यावा लागतो.

असो. भाचीकडं येतो. मी तिला सांगितलं, शनिवारी एक रुपया भरायचा नाही. ओरिजिनल कागद कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. ते ठेवून घेणं नियमात बसत नाही, पण आपण दिले की आपणच अडकतो. शिष्यवृत्ती मंजूर झाली की आता राज्याचा ४० टक्के आणि केंद्राचा ६० टक्के हिस्सा वेगवेगळा, थेट खात्यात येतो आणि तो आपण कॉलेजला भरायचा असतो. घरात अडचण आली म्हणून त्याला हात लावायचा नाही, हे दाजींनाही बजावलं.

तिनं सीईटी दिलीय, गुण बरे आहेत. आता अडलंय जात वैधता प्रमाणपत्रावर. १० ऑगस्ट १९५० आधीचा पुरावा हवा. दाजींच्या वडिलांचं शाळेचं रजिस्टर सापडलं, पण ते निजामाच्या काळातलं, उर्दूत. गावच्या हेडमास्तरांनी प्रत द्यायला दोन आठवडे घेतले. उर्दू वाचणारे एक निवृत्त गुरुजी परभणीत भेटले, त्यांनी पैसे न घेता भाषांतर करून दिलं. रजिस्टरमधला एक शब्द त्यांनी तीनदा वाचला आणि मग हळूच आजोबांच्या जातीचं नाव उच्चारलं. फाइल समितीकडं दिली आहे. सोमवारी पुन्हा जायचंय.