मळी

तीर्थपुरीत आमच्या ओसरीवर समुद्र आहे, दोनशे लिटरचा. खरा समुद्र इथून तीनशे किलोमीटरहून लांब. त्यामुळे बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "मीठ कुठलं टाकता?" दोन क्लाउनफिश, एक कोळंबी आणि दगड. प्रवाळ नाहीत, कायद्यानं त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे.

आमच्या घरात नत्र म्हणजे दौलत. आजी शेणाची पाटी उकिरड्यावर टाकायची ती दागिना ठेवावा तशी. अण्णा रांगेत उभं राहून युरिया आणायचे. 45 किलोच्या पिशवीत जेमतेम 20 किलो नत्र, आणि रान कधी 'पुरे' म्हणालं नाही. हेच नत्र नको म्हणणारा घरातला पहिला माणूस मी.

मासा कल्ल्यांतून हेच नत्र अमोनियाच्या रूपात सोडतो, तो अमोनिया माशालाच जाळतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. जिवाणूंची ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. मी आठव्याच दिवशी मासे सोडले; ते दोन्ही गेले. पुढच्या खेपेला धीर धरला, तरी काचेवर शेवाळ चढायचं राहिना. शेवटी बोअरचं पाणी तपासलं. मासा पडायच्या आधीच त्यात नायट्रेट होतं! रानाला दिलेला आमचाच युरिया जमिनीत मुरून नळीवाटे परत आलेला. तेव्हापासून आरओचं पाणी, लिटरला 35 ग्रॅम मीठ.

स्किमर आला तेव्हा मात्र मला काही शिकावं लागलं नाही. खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे सोडायचे, माशांची घाण त्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते, कपात साठते. ही तर मळी! गुऱ्हाळावर उकळत्या रसात भेंडीचा चीक टाकून गुळव्या अशीच मळी झाऱ्यानं काढायचा. फक्त इथं खाली गूळ नाही, निव्वळ पाणी.

आठवड्याला तीस लिटर पाणी बदलतो. पहिल्यांदा ते बादलीनं मोसंबीच्या आळ्यात ओतायला निघालो, तर अण्णा ओरडले, "अरे, रान चोपण करतो का?" कालव्याच्या पाण्यानं चिबडलेली, मिठानं पांढरी पडलेली जमीन त्यांनी पाहिलीय. खतवलेलं पाणी आणि झाडाला विष! तेव्हापासून मी ते खडकाळ पडीक बांधाकडेला नेऊन टाकतो, आणि दरवेळी चुटपुट लागते.

लाईट गेली की पंप थांबतो, वस्ती गुदमरते. इन्व्हर्टर माझ्यासाठी नाही, जिवाणूंसाठी घेतला, हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आता टाकीमागच्या कप्प्यात मुद्दाम एक शेवाळ वाढवतो. ते नायट्रेट पितं, फोफावतं. दर पंधरवड्याला ओंजळभर उपटायचं, गोड्या पाण्यात तीनदा खळबळायचं आणि उकिरड्यावर टाकायचं. परवा अण्णा उकिरडा उलटताना थांबले. खोऱ्याच्या टोकावर हिरवा गुंता धरून म्हणाले, "हे कुठलं गवत रे? आपल्या रानात तर कधी बघितलं नाही."